मोटरहोममागे मारुती ८०० : टो-बारपासून ट्रेलरपर्यंतची नोंद

रामटेकला खिंडसी तलावाच्या काठी मोटरहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली आमची गाडी, उभी केली, ताडपत्री ताणली आणि शेगडी मांडली, की पुढचे दोन दिवस ती जागची हलवावीशी वाटत नाही. मात्र गडमंदिरावर जायचे असो, मनसरहून भाजी आणायची असो किंवा रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा असो, हाताशी एक लहान गाडी लागतेच. घरची जुनी मारुती ८०० सुस्थितीत आहे आणि तिचे वजन काट्यावर ६६० किलो भरले. ती मोटरहोममागे ओढून न्यावी, या विचाराने दिवाळीनंतर कामाला लागलो.

अमेरिकेत अशी लहान गाडी चारही चाके रस्त्यावर ठेवून सर्रास ओढली जाते, म्हणून आरंभ त्याच पद्धतीने केला. गाडीच्या पुढच्या भागाला इंग्रजी ‘ए’च्या आकाराचा टो-बार (ओढण्याचा दांडा) जोडायचा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवायचा आणि स्टिअरिंगचे कुलूप पडू नये इतपत किल्ली फिरवून ठेवायची, एवढेच वरवर पाहता करायचे असते. ८०० चा गिअरबॉक्स हाताने बदलायचा असल्यामुळे चाकांबरोबर फिरणारे दाते आतले तेल उडवत राहतात आणि वंगण मिळते. ऑटोमॅटिक गाडीत तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना ती तशीच ओढली तर बहुतेक गिअरबॉक्स कोरडे पडून निकामी होतात.

हिंगणा एमआयडीसीतील एका कार्यशाळेत टो-बार तयार करून घेतला आणि मित्राच्या शेतातल्या मोकळ्या जागेत चाचणी घेतली. पुढे जाताना ८०० ची पुढची चाके आपोआप वळणे घेत होती, हे पाहून फार समाधान वाटले. मागे घेताना मात्र दोन हात अंतर जाते न जाते तोच ती चाके एका बाजूला पूर्ण वळली, टायर मातीत आडवे घासू लागले आणि टो-बारचा एक पाय वाकला. शिवाय इंजिन बंद असताना ब्रेकला व्हॅक्यूमची मदत नसते. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे घट्ट होते. म्हणजे ओढल्या जाणाऱ्या गाडीला ब्रेक लावणारी वेगळी यंत्रणा हवीच.

तरीही हा मार्ग सोडण्याचे खरे कारण कायदा हे आहे. १९८९ च्या रस्ते-नियमांनुसार बंद पडलेले किंवा अर्धवट जुळणी झालेले वाहन, नोंदणीकृत ट्रेलर आणि साइडकार यांखेरीज काही ओढता येत नव्हते; दोन वाहनांतले अंतर पाच मीटरपेक्षा अधिक नको आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनामागे ‘ऑन टो’ अशी पाटी हवी, हेही त्यात होते. २०१७ मध्ये नवे विनियम आले, पण गाभा तोच राहिला. चालती गाडी हौसेखातर चार चाकांवर ओढणे त्यात बसत नाही, आणि अपघात झाल्यास विमा मिळेल या भरवशावर कुटुंबाला घेऊन निघणे मला मान्य नाही. पुढची दोनच चाके उचलून घेणारी डॉलीही याच कारणाने बाजूला ठेवली. ओम्नीसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला तर डॉलीवर न्यायचे असल्यास मागच्या चाकांना ताकद पोहोचवणारा प्रोपेलर शाफ्टही सोडवावा लागतो.

शेवटी नोंदणी असलेला, कागदपत्रे पूर्ण असलेला ३४० किलोंचा जुना ट्रेलर विकत घेतला. त्याला ओव्हररन ब्रेक आहेत : मोटरहोमचा वेग कमी झाला की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने कपलिंगमधला, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाच्या जोडणीतला, दांडा आत जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात.

पहिल्या फेरीत पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या सुमारास ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागला. ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरले, तेव्हा झोका विरला. घरी येऊन धान्याच्या दुकानातला तोलकाटा विटांच्या थरावर, हिचच्या (मोटरहोममागे ट्रेलर अडकवायच्या जोडणीच्या) उंचीला ठेवला आणि कपलिंग त्यावर टेकवले. आकडा आला ५८ किलो. गाडीसह ट्रेलरचे एकूण वजन १००० किलो असताना हा भार साधारण दहावा हिस्सा, म्हणजे १०० किलोंच्या आसपास हवा. ट्रेलरच्या दोन आसांच्या मध्यापासून कपलिंग तीन मीटरवर आहे, म्हणून ८०० वीस सेंटिमीटर पुढे घेतली तर ४४ किलो वाढावेत, असा हिशेब मांडला. चाक अडवणारे ठोकळे तेवढे पुढे बसवून पुन्हा तोलले, तेव्हा काटा १०३ वर थांबला. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर ट्रेलर एकदाही झुलला नाही.

हा भार मोटरहोमलाही सोसावा लागतो, ही गोष्ट आपल्यातले अनेक जण विसरतात. माझी मोटरहोम फोर्स ट्रॅव्हलर ३३५० आहे, म्हणजे दोन आसांत ३.३५ मीटर अंतर, आणि हिच मागच्या आसापासून दीड मीटर मागे. तरफेच्या नियमाने हिचवरचे १०० किलो मागच्या आसावर १४५ किलो होतात आणि पुढच्या आसावरचे ४५ किलो कमी करतात. म्हणून पाण्याची टाकी प्रवासात अर्धीच भरतो आणि बॅटऱ्या मागून काढून चालकाच्या आसनामागे आणल्या आहेत. हिच बंपरला न लावता चॅसीच्या दोन्ही लांब तुळयांना बोल्टने आवळला आहे. सुरक्षेच्या दोन साखळ्या कपलिंगखालून एकमेकींना छेदत नेल्या आहेत, म्हणजे कपलिंग सुटलेच तर ते त्यांच्या झोळीत पडेल, रस्त्यात रुतणार नाही.

परवा कामठी, कन्हान करत मनसरपर्यंत जाऊन आलो. कन्हानला थांबून ट्रेलरच्या चारही चाकांच्या हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) तळहात नेला. तीन कोमट होते, डावीकडचा मागचा मात्र हात ठेववत नव्हता. उघडल्यावर बेअरिंगमधले ग्रीस काळे पडून वाळलेले आढळले. आता बेअरिंगच्या दोन्ही जोड्या बदलत आहे, कारण एप्रिल-मेच्या नागपुरी उन्हात हबला थंड व्हायला वावच मिळत नाही. ते काम झाले की उजव्या मागच्या दिव्याचे अर्थिंग पाहायचे आहे. ब्रेक दाबल्यावर तो मंद पेटतो.