तुम्ही विचारलंत म्हणून : त्या बायका लढल्या का नाहीत?

शाळेत इतिहास शिकवत होते तेव्हा वर्गात, आणि आता वाचकमंडळांत बोलायला जाते तिथेही, दुसऱ्या महायुद्धातल्या नाझी छळछावण्यांतल्या ज्यू बायकांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. "मॅडम, त्या हजारोंनी होत्या, पहारेकरी मोजके. मग सगळ्या मिळून उठल्या का नाहीत?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. आपल्या कोकणात बेने इस्रायल, म्हणजे इथले ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या राहिले, तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं, आणि तेवढ्यावर गोष्ट संपली. ज्यू म्हणून कुणाला घरातून ओढून गाडीत कोंबतात, हे आपल्या गावच्या आठवणीत कुठेच नाही. त्यामुळे प्रश्न सहज येतो. पण त्यात एक गोष्ट धरून चाललेली असते, की कुणी लढलंच नाही. ते खरं नाही, आणि ते तसंच पुढे जात राहतं याचा मला फार त्रास होतो.

आधी हे लक्षात घ्या की लढायला उरायचं कोण. जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये ऑशविट्झ-बिर्केनाउ ही छावणी होती. तिच्या फलाटावर कैद्यांची गाडी रिकामी झाली की तिथेच निवड व्हायची. म्हातारी माणसं, आजारी, गरोदर बायका, आणि कडेवर किंवा बोटाशी लहान मूल असलेली आई, हे सगळे बहुतेक वेळा त्याच दिवशी विषारी वायूच्या कोठडीत जात. छावणीत शिरायच्या त्या तरुण, एकट्या पडलेल्या बायका. डोक्याचे केस काढलेले, हातावर नंबर गोंदलेला, पोटात पातळ सूप आणि पावाचा तुकडा. पहाटे आणि संध्याकाळी तासन्‌तास हजेरी. मोजणीत एक कमी भरली तर सगळ्यांनी उभं राहायचं, पावसात, बर्फात, जोवर आकडा जुळत नाही तोवर. एकीने काही केलं तर शिक्षा तिच्या बराकीलाही. तिथे धाडसाची किंमत शेजारणीनेही मोजायची होती, आणि हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

तरीही त्या लढल्या. एक हकिगत सविस्तर सांगते.

ऑशविट्झ छावणीला लागून वाइक्सेल-युनियन नावाचा कारखाना होता. तोफगोळ्यांचे फ्यूज तिथे बनत. कामाला कैदी, त्यांत ज्यू मुली पुष्कळ. स्फोटक दारूच्या खोलीत मोजक्याच मुली असत. स्फोटकाची भुकटी साच्यात दाबून भरायची, हे त्यांचं काम. त्यांच्यात रेजिना सफिरश्टाइन होती आणि एस्टेरा वाइत्सब्लुम होती. एस्टेरा वॉर्सातली, विशीतली. तिची धाकटी बहीण अ‍ॅना त्याच कारखान्यात. आईवडील आधीच मायदानेक या दुसऱ्या छावणीत मारले गेले होते. बेंद्झिनची आला गर्टनरही याच कारखान्यात होती, या सगळ्यांत वयाने मोठी.

त्यांनी ठरवलं की ही भुकटी बाहेर काढायची. एका दिवसात हाती लागायची चमचा-दोन चमचे. कापडाच्या किंवा कागदाच्या चिमुकल्या पुड्या, त्या छातीशी, कपड्यांच्या शिवणीत, डोक्याच्या फडक्याच्या गाठीत. परतताना झडती होई. झडतीची चाहूल लागली की पुडी सोडून भुकटी पायाखालच्या मातीत मिसळून टाकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. हे काम महिनोन्‌महिने चाललं. मला विचाराल तर धैर्य हेच. रागाच्या भरात एकदा उडी घेणं वेगळं. इथे रोज सकाळी उठून, उपाशीपोटी, चिमूटभर दारू अंगावर घ्यायची आणि सैनिकांच्या समोरून चालत जायचं, तेही महिनोन्‌महिने.

पुड्या हातोहात रोझा रोबोटाकडे पोचत. रोझा त्सिएखानुवची, तेवीस वर्षांची, लहानपणापासून ज्यू युवक चळवळीत वाढलेली. बिर्केनाउत तिचं काम होतं मेलेल्यांचे कपडे निवडण्याचं, आणि तिची जागा दहनभट्ट्यांपासून जवळ. त्या भट्ट्यांवर ज्यू पुरुष कैद्यांची एक तुकडी नेमलेली होती, झोंडरकमांडो. स्वतःच्याच लोकांची प्रेतं जाळण्याची सक्ती त्यांच्यावर. काही काळाने त्या तुकडीलाही मारून टाकत, आणि आपलं काय होणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. रोझाने दारू त्यांच्यापर्यंत पोचवली. पत्र्याच्या डब्यांतून त्यांनी हातबॉम्ब तयार केले.

७ ऑक्टोबर १९४४ ला उठाव झाला. चौथ्या क्रमांकाची दहनभट्टी पेटली, दुसऱ्या क्रमांकाच्या भट्टीवरच्या कैद्यांनी कुंपण तोडलं. छावणी चालवणाऱ्या नाझी दलाचे, एसएसचे, तीन जण मेले. कैदी मारले गेले सुमारे साडेचारशे, काही लढताना आणि काही नंतर ओळीने झोपवून गोळी घालून. ती चौथी भट्टी मात्र पुन्हा कधीच चालली नाही.

मग दारू आली कुठून याचा तपास लागला आणि धागा कारखान्यापर्यंत पोचला. आला, रेजिना, एस्टेरा आणि रोझा पकडल्या गेल्या. त्यांना आठवडेच्या आठवडे मारहाण झाली. रोझाच्या गावचा एक मित्र जिवावर उदार होऊन तिच्या कोठडीपर्यंत पोचला. त्याला तिने सांगितलं की घाबरू नका, मी कुणा जिवंत माणसाचं नाव घेतलेलं नाही. तिने बाहेर पाठवलेल्या चिठ्ठीच्या शेवटी तिच्या संघटनेचं हिब्रू घोषवाक्य होतं : खंबीर हो, हिंमत धर.

जानेवारी १९४५ च्या पहिल्या आठवड्यात चौघींना फाशी दिली. दोघींना दिवसपाळीच्या बायकांसमोर, दोघींना रात्रपाळीच्या. बघायला लावलं होतं सगळ्यांना. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत छावणी रिकामी केली गेली आणि २७ जानेवारीला सोव्हिएत फौजा तिथे पोचल्या.

याच कारखान्यातली आणखी एक गोष्ट मी प्रत्येक वेळी सांगते, कारण काळ अगदी तोच आहे. १२ डिसेंबर १९४४. उठाव चिरडून दोन महिने झालेले, चौकशी चालू. त्या दिवशी फानिया नावाच्या मुलीला वीस वर्षं पूर्ण होत होती. तिची मैत्रीण झ्लाट्का हिने चोरून मिळवलेल्या कागदाचं हृदयाच्या आकाराचं इवलंसं पुस्तक केलं, जांभळ्या कापडाने मढवलं, वर 'एफ' हे अक्षर भरलं. कारखान्यातल्या मैत्रिणींनी आपापल्या भाषेत शुभेच्छा लिहिल्या. कागद, कात्री, पेन्सिल, सुईदोरा, यातली एकेक गोष्ट सापडली तरी मार ठरलेला. फानियाने ते पुस्तक काखेत लपवलं, छावणी रिकामी करताना कैद्यांना हिवाळ्यात चालवत नेलं त्या जीवघेण्या पायपिटीतही सोडलं नाही, आणि पुढे मॉन्ट्रियलच्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेलं ज्यूंचं हत्याकांड) संग्रहालयाला दिलं. काहीजण विचारतात, याला प्रतिकार म्हणायचं का? मी म्हणते, हो. जिथे बाईला नाव नसतं, नंबर असतो, तिथे कुणीतरी लक्षात ठेवते की आज हिचा वाढदिवस.

डॉक्टर गिझेला पर्ल यांच्याबद्दल मात्र मला बोलताना दरवेळी थांबावं लागतं. सिगेत गावच्या या स्त्रीरोगतज्ज्ञ. छावणीच्या दवाखान्यात औषधं नाहीत, हत्यारं नाहीत, धड स्वच्छ पाणी नाही. गरोदर असल्याचं कळलं की बाई मेलीच, पोटातल्या बाळासकट. पर्लबाईंनी रात्री, मळलेल्या जमिनीवर, नुसत्या हातांनी गर्भपात केले, आईतरी वाचावी म्हणून. मुलं जगात आणणं हा ज्यांचा पेशा, त्यांनी हे केलं. स्वतःचा नवरा आणि मुलगा त्यांनी गमावला. युद्धानंतर त्या न्यूयॉर्कला गेल्या, पुन्हा प्रसूतीचं काम हाती घेतलं आणि हजारो बाळंतपणं केली. नववी-दहावीच्या मुलींसमोर हे सांगावं का, यावर पालकांचं आणि माझं एकमत झालेलं नाही. मी सांगते.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, म्हणजे ज्या धीट होत्या त्या वाचल्या. नाही, असं कृपा करून समजू नका. रोझापेक्षा धीट कोण होती? वाचणं हे फलाटावर कुणी कुठे बोट दाखवलं, कुठल्या आठवड्यात ताप आला, कुठल्या कामावर नेमलं यावर होतं. आणि बरोबर कुणीतरी असण्यावर होतं. बहीण, मावशी, गावची मुलगी, नाहीतर छावणीतच जोडलेली बहीण, जी हजेरीत तुम्हाला खांदा देऊन उभं ठेवेल, पाव राखून ठेवेल. वाचलेल्या बायकांच्या आठवणी वाचताना हे पुन्हा पुन्हा दिसतं. "मी वाचले" म्हणून सुरू झालेली गोष्ट चार ओळींत दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर येते.

एस्टेराची धाकटी बहीण अ‍ॅना कटात पहिल्यापासून होती. तिनेही पुड्या नेल्या होत्या. चौकशीत तिचं नाव कुणीही घेतलं नाही. बहीण गेली, अ‍ॅना वाचली, पुढे कॅनडात राहिली, संसार केला, समाजसेविका म्हणून नोकरी केली, आणि त्या चौघींचं स्मारक व्हावं म्हणून झटत राहिली. १९९१ मध्ये जेरुसलेमला याद वाशेम या होलोकॉस्टच्या स्मृतिस्थळात ते झालं. त्यावर आला, रेजिना, एस्टेरा, रोझा ही चार नावं आहेत.