थोडा वेळ

रविवारी सकाळी सात-वीसला फोन आला. "मॅडम, परत चपाती झाली."

आमच्या क्लासात ही भाषा चालते. केक बसतो, नानकटाई पसरते आणि पॅनकेकची चपाती होते. कोल्हापुरात राजारामपुरीत घरच्याच मागच्या खोलीत मी अकरा वर्षं बेकिंगचे क्लास घेते. आठ बायकांची बॅच, चार दिवस. बाहेरच्यांना वाटतं दिवसभर सुगंधात बसायचं काम आहे. प्रत्यक्षात निम्मा वेळ भांडी घासण्यात जातो आणि उरलेल्यातला निम्मा "यात अंडं आहे का, आज गुरुवार आहे" यात. पॅनकेक मी पहिल्याच दिवशी ठेवते. ओव्हन लागत नाही, वीस मिनिटांत ताटात पडतो, आणि जिच्या हातून तो फुगला ती उरलेले तीन दिवस हमखास येते.

ही मुलगी मंगळवार पेठेतली. नोव्हेंबरच्या बॅचला होती आणि बॅचमधला सगळ्यात उंच पॅनकेक तिचा झाला होता. घरी मात्र सलग तिसरा रविवार फसलेला. त्या दिवशी पुण्याहून नणंदेची मुलं आलेली, आणि "मामीच्या हातचे फोटोतल्यासारखे पॅनकेक" असा शब्द गेलेला.

"पावडर किती घातलीस?"

"दीड चमचा. मोजूनच घातलो की हो मॅडम!"

खरं तर फोनवर चार प्रश्न विचारून मोकळं व्हायचं. पण माझ्या क्लासात जमलेलं घरी जमत नाही, हे मला स्वतःलाच झोंबतं. पिशवीत वजनकाटा, माझा बेकिंग पावडरचा डबा आणि चपटा उलथना टाकला आणि गाडी काढली. मिरजकर तिकटीला पोहोचेपर्यंत मटणाच्या दुकानापुढे रांगा लागल्या होत्या. कोल्हापुरात रविवारी सकाळी माणूस एक तर मिसळीच्या टेबलावर असतो नाही तर मटणाच्या रांगेत. त्या गर्दीतून मी मैद्याच्या गोड घावनाचं दुखणं बघायला निघाले होते, याचं माझं मलाच हसू आलं.

घर जुनं, स्वयंपाकघर मोठं. कट्ट्याच्या एका टोकाला सासूबाई मटणाला वाटण लावत बसलेल्या, वय सत्तरीच्या पुढचं. दुसऱ्या टोकाला सूनबाई, रडायच्या बेतात. मध्ये ताटलीत सहा पॅनकेक. रंग छान, वास छान, जाडी पुरणपोळीची. मोडून पाहिला तर आत एक भोक नाही, नुसता दमट गोळा.

मी आधी पावडर तपासते. अर्धा चमचा कडकडीत पाण्यात टाकली. फसफसून वर आली, म्हणजे जिवंत. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडची काही दुकानं मोठा डबा फोडून पावडर प्लास्टिकच्या पुड्यांत विकतात. तिला हवेतली ओल लागते, आणि मग घरी बाईला वाटतं आपलाच हात वाईट. सोड्यावर लिंबू पिळलं, तोही ठणठणीत.

मग दही. परदेशी कृतीत बटरमिल्क लिहिलेलं असतं आणि त्याचं भाषांतर सगळे 'ताक' करतात. इथंच निम्मी गाडी घसरते. ते बटरमिल्क दाट असतं, आपलं ताक पाण्यासारखं. कृतीतलं तेवढं ताक घातलं की पीठ तव्यावर पळत सुटतं. म्हणून मी 200 ग्रॅम मैद्याला 200 ग्रॅम दही आणि 100 मिली दूध देते. कोल्हापूरचं म्हशीचं दही असेल तर दूध आणखी दोन-तीन चमचे, कारण ते दही सुरीनं कापावं लागतं. शिवाय दीड चमचा पावडर, अर्धा चमचा सोडा, एक अंडं, 30 ग्रॅम वितळलेलं लोणी, दोन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ. वजन करूनच. नुसतं कप-कप लिहून देणाऱ्या क्लासवाल्यांचा मला राग येतो. माझ्याकडे बाजारातले कपांचे तीन संच आहेत आणि तिघांचे कप तीन मापांचे.

तिचं दही माझ्या मापाचंच होतं. तवा बिडाचा, आंबोळीचा, वर्षानुवर्षं तेल पिऊन काळा कुळकुळीत झालेला. असा तवा मला कुणी देईल तर मी नॉनस्टिकचे चार देईन. पाण्याचे थेंब शिंपडले. ते नाचले पाहिजेत. नुसते बसून आटले तर तवा थंड, आणि तूप घातल्या घातल्या धूर आला तर जास्त तापलेला. इथं नाचत होते.

"आता पीठ दाखव."

तिनं कोपऱ्यातलं पातेलं उचललं. वर ताट, ताटावर दुमडलेला टॉवेल. थंडीत आंबोळीच्या पिठाला घालतात तसं पांघरूण. आत पीठ गुळगुळीत, तुळतुळीत. वर पाण्याचा पातळ थर.

"हे कधी भिजवलंस?"

"काल रात्री. दहाला."

मी हसले. खरंच मोठ्यांदा हसले. आजही ते हसू माझ्या कानात आहे.

"अगं, रात्री भिजवायला ही काय आंबोळी आहे का? कुणी सांगितलं तुला?"

सुनेनं सासूकडे पाहिलं. सासूबाईंनी वाटणातला हात थांबवला.

"मीच म्हटलं हुतं. पीठ रातभर मुरल्याबिगर फुगतंय व्हय? दोनदा उठून बघितलं मी. वर यीना, म्हणून जरा ढवळलं बी."

आणि मी व्याख्यान दिलं. पुण्याची दोन मुलं, त्यांचा मामा, सून, सगळ्यांसमोर. "काकू, आंबोळीच्या पिठात जिवंत जंतू असतात, ते रात्रभर वायू तयार करत राहतात. पावडरचं तसं नाही. सोडा दह्याला भेटला की तिथल्या तिथं फसफसतो. पावडरचा थोडा भाग ओलं होताच उडतो आणि उरलेला तव्याच्या उष्णतेला. जो वायू रात्री सुटला तो सकाळपर्यंत पातेल्यात कशाला थांबेल? त्यात तुम्ही ढवळलंत, म्हणजे होता तोही घालवलात." आल्फ्रेड बर्डसुद्धा सांगून झाला. बर्मिंगहॅमचा औषधवाला, बायकोला यीस्ट चालत नव्हतं म्हणून त्यानं 1843 साली बेकिंग पावडर बनवली, म्हणजे आंबवायला लागूच नये म्हणूनच ही जन्माला आली वगैरे. प्रत्येक बॅचला मी ही गोष्ट सांगते. बायका कौतुकानं ऐकतात.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "म्हंजे ही एकरकमी पैका. ती पगारदार."

अकरा वर्षांत मला इतकं नेमकं सांगता आलेलं नाही.

ताजं पीठ मी स्वतः कालवलं. कोरडं वेगळं, ओलं वेगळं, मग ओलं कोरड्यात ओतून उलथन्यानं दहा-बारा वळसे. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गुठळ्या राहिल्या की थांबायचं. आपल्या बायकांना शिकवायला सगळ्यात कठीण हेच. पिठात गुठळी म्हणजे आईनं काही शिकवलं नाही, असं डोक्यात बसलेलं असतं. पण मैदा जितका घोटाल तितका चिवट होतो आणि पॅनकेक रबरासारखा ओढला जातो. गुठळ्या दहा मिनिटांत आपसूक भिजतात. तेवढ्यात गॅस कमी करून तव्याला तुपाचं बोट फिरवायचं. पीठ पळीनं एका जागी ओतायचं आणि हात मागे घ्यायचा. आंबोळीसारखं गोल गोल पसरवायचं नाही, वर झाकण नाही.

पहिला नेहमीप्रमाणे डागाळला, तो मामानं खाल्ला. दुसरा चढला. तिसरा मी उलटणार, तोच मागून आवाज आला.

"थांब. कडंची जाळी पडलीय, मधली न्हाई अजून."

मी पाहिलं. मधले बुडबुडे फुटत होते, पण फुटून लगेच मिटत होते. फुटलेलं भोक तसंच उघडं राहिलं की उलटायचं, हे मीच शिकवते. सासूबाईंनी हात धुतले, उलथना माझ्या हातातून घेतला, पंधरा-वीस सेकंद थांबल्या आणि मनगटाच्या एका झटक्यात पालथा केला. तो चांगला बोटभर चढला. त्या दिवशीचा सगळ्यात उंच.

पुढचे सगळे त्यांनीच उलटले. मुलांनी वर काकवी ओतून खाल्ले. पुण्याच्या पोरानं मेपल सिरप मागितलं होतं. मामानं गुऱ्हाळावरून आणलेल्या काकवीची बाटली पुढे सरकवल्यावर त्यानं परत नाव काढलं नाही. काकवी म्हणजे उसाचा रस आटवून गुळाच्या अलीकडे थांबवलेला पाकच, आणि जानेवारीत आमच्याकडे तो पाण्यासारखा मिळतो. आयात केलेल्या बाटलीला दामदुप्पट मोजणाऱ्यांना काय म्हणावं?

रात्रीचं फसलेलं पीठही वाया गेलं नाही. सासूबाईंनी त्यात रवा, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर ढकलली आणि धिरडी घातली. थोडीशी गोडसर लागत होती. मी दोन खाल्ली.

इथवर सगळं झकास आहे. माझं अडलंय ते याच्या पुढे.

हात पुसायला टॉवेल शोधत होते, तर फ्रिजच्या दारावर मी क्लासात दिलेला कागद चिकटवलेला दिसला. माझंच छापील पान, वर माझं नाव. पायरी चौथी: 'पीठ थोडा वेळ मुरू द्या.' 'थोडा वेळ'खाली पेन्सिलची रेघ आणि शेजारी सुनेच्या अक्षरात: 'किती? आईंना विचारणे.'

तिनं विचारलं. ज्या घरात पीठ मुरायचं म्हणजे रात्रभर, त्या घरातल्या जाणत्या बाईला विचारलं. त्या बाईनं तिला येत होतं तेच बरोबर उत्तर दिलं, आणि थंडीत दोनदा उठून पातेल्यावरचं पांघरूणही सारखं केलं. क्लासात जमायचं कारण इतकंच, की तिथं दहा मिनिटांनी "चला, तवा ठेवा" असं ओरडायला मी असते. माझ्या कागदावर मी नव्हते.

हे मला तिथंच, फ्रिजसमोर, कळलं. मागे वळून "काकू, चूक तुमची नाही, माझ्या कागदाची आहे" एवढं म्हणायला पाच सेकंद लागली असती. सगळे तिथंच होते. मुलं तर म्हणत होती, "आजीनं रात्री पीठ बिघडवलं होतं ना?" आणि हसत होती. सासूबाईही हसत होत्या. मी टॉवेलला हात पुसले आणि म्हटलं, "चला, निघते."

निघू दिलं नाही. पांढऱ्या रश्श्याचा स्टीलचा डबा हातात ठेवला. "तुमी लई शिकवलासा आज," असं वर म्हणाल्या. यात टोमणा होता का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कोल्हापूरची बाई टोमणा मारते तेव्हा सहसा कळतं.

त्याच संध्याकाळी कागद दुरुस्त केला: 'दहा मिनिटं. वीसच्या वर नाही.' मग जुने सगळे कागद काढून बसले. 'मध्यम आच', 'अंदाजे', 'हलक्या हाताने', 'रंग बदलेपर्यंत'. कपवाल्यांना नावं ठेवणारी मी, आणि माझ्या पानापानावर हे. अकरा वर्षांत किती घरांत चपात्या झाल्या असतील आणि किती सासवांवर बिल फाटलं असेल, कुणास ठाऊक. सगळ्या थोड्याच फोन करतात.

डबा अजून माझ्या मांडणीवर आहे. रिकामा परत द्यायचा नाही, हे तर झालंच. पण त्यात काय घालायचं, यावर मी दोन आठवडे अडून बसलेय. केक नेला असता तर झालं असतं. पण डोक्यात दुसरंच घुसलंय. रात्री भिजवलेल्या पिठाचा पॅनकेक होतो. पावडर-सोडा निघण्याआधी यीस्टनंही करायचे. म्हणजे काकूंची रीत बरोबर, फक्त आतला पगारदार बदलायचा.

पहिल्या खेपेला पाव चमचा यीस्ट घालून पीठ कट्ट्यावर ठेवलं. पहाटे पातेल्याबाहेर आलं होतं, आणि पॅनकेकला बिअरसारखा वास. दुसऱ्या खेपेला पीठ तासभर बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये सारलं. फुगले चांगले, जाळी सुरेख, पण कडेला चिवट. दह्याऐवजी नुसतं दूध घेऊन बघायचंय, आणि यीस्ट चिमटीवर आणायचंय. चिमटीवर म्हणजे पाव ग्रॅम, आता हेही लिहून ठेवते.

तिसरं पीठ आज रात्री दहाला भिजवलं. पातेल्यावर ताट ठेवलंय, ताटावर टॉवेल. आता साडेअकरा झालेत आणि मी एकदा उठून बघून आलेय. ढवळलं नाही.