तुम्ही विचारलंत म्हणून : बसवलेली किडनी कायमची का टिकत नाही?

हा प्रश्न मला रुग्णांपेक्षा किडनी देणारे जास्त विचारतात. भावाला किडनी द्यायला निघालेली बहीण विचारते, मुलाला देऊन झालेली आई विचारते, "एकदा दिली की काळजी मिटली ना? मग काही लोक दहा-बारा वर्षांनी परत डायलिसिसवर का जातात?" मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे रुग्णाशी माझी गाठ क्वचितच पडते. त्याच्या किडनीतून सुईनं काढलेला दीडेक सेंटिमीटरचा धागा माझ्याकडे येतो. त्याच्या अतिशय पातळ चकत्या रंगवून मी मायक्रोस्कोपखाली पाहते आणि काय बिघडलंय ते लिहून देते. पण नात्यात, ओळखीत कुणाची किडनी निकामी झाली की फोन मला येतो, आणि बोलणं फिरून याच प्रश्नावर येतं.

आधी एक समजूत दूर करते. औषधाच्या बाटलीवर छापलेली असते तशी बसवलेल्या किडनीला मुदत नसते. परदेशातल्या मोठ्या नोंदींवरून जिवंत दात्याची किडनी साधारण १५ ते २० वर्षं आणि मृत दात्याची १० ते १२ वर्षं चालते असं सांगतात खरं, पण ती सरासरी झाली. बसवून तीस वर्षं उलटलेल्या किडन्या आहेत आणि पहिल्याच वर्षी गेलेल्याही आहेत. किडनी जाते ती जखमा सोसत सोसत जाते, आणि त्यातल्या भरून न येणाऱ्या जखमा बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर झालेल्या असतात. माझं उत्तर खरं तर एवढंच आहे.

एक किडनी भरते दीडशे ग्रॅमच्या आसपास. तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा दोन्ही किडन्यांकडे जातो. त्यातून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि दीड-दोन लिटर सोडून सगळं परत रक्तात घेतलं जातं. गाळण्याचं काम केशवाहिन्यांचे गुच्छ करतात, प्रत्येक किडनीत असे साधारण दहा लाख गुच्छ असतात. परत घेण्याचं काम त्यांना जोडलेल्या नलिकांचं.

या नलिकांच्या पेशी नाजूक आहेत, पण चिवटही आहेत. रक्त काही काळ थांबलं की त्या मरतात, सुटून नलिकेतच अडकतात, लघवी बंद होते. मग शिल्लक राहिलेल्या पेशी पसरतात, त्यांचं विभाजन होतं, नवं अस्तर तयार होतं आणि काही आठवड्यांत काम परत सुरू होतं. आपल्याकडे शेतात घोणस चावलेल्या माणसांत हे दिसतं. विषामुळे नुसत्या नलिका मेल्या असतील, तर थोडे दिवस डायलिसिस करून माणूस घरी जाऊ शकतो. पण बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन किडनीचा बाहेरचा थरच मेला असेल, तर तिथे व्रण उरतो, किडनी उरत नाही. दोघांचीही लघवी बंद, दोघांचंही क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचं ते रक्तातलं टाकाऊ द्रव्य, चढलेलं. फरक फक्त जखम कुठे झाली याचा.

प्रत्यारोपणात पहिली जखम ऑपरेशनच्याच दिवशी होते. दात्याच्या शरीरातून काढलेली किडनी धुऊन चार अंशांच्या आसपास थंड ठेवतात. शेजारच्या थिएटरमधल्या बहिणीकडून आली असेल तर हा काळ थोडा असतो, दुसऱ्या शहरातल्या मृत दात्याकडून आली तर बारा-पंधरा तासही लागू शकतात. लोकांना नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. खरं मोठं नुकसान रक्त परत सुरू होतं त्या क्षणी होतं. ऑक्सिजन नसताना पेशींत सक्सिनेट नावाचं एक द्रव्य साठत जातं. रक्त आलं की ते एकदम जळतं आणि पेशीच्या ऊर्जाकेंद्रांतून घातक ऑक्सिजन-कणांचा लोट निघतो. ही साखळी केंब्रिजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये उलगडून दाखवली. म्हणून मृत दात्याची किडनी कधी कधी पहिले काही दिवस चालतच नाही, डायलिसिस चालू ठेवावं लागतं, आणि बाहेर बसलेल्या घरच्यांचा धीर सुटतो. तेव्हा मी त्यांना सांगते, ही बहुतेक नलिकांची जखम आहे, ती भरते. काळजी असते ती त्याच वेळी दुखावलेल्या वाहिन्यांच्या अस्तराची, कारण तिथून प्रतिकारशक्तीला हाक जाते.

बसवलेल्या किडनीत रक्त तुमचं असतं, पण ते ज्या वाहिन्यांतून वाहतं त्यांचं अस्तर दात्याचं असतं. तुमच्या पेशींना परका माणूस सगळ्यात आधी भेटतो तो तिथे. १९६० च्या दशकात काही किडन्या रक्त जोडल्यावर मिनिटांत, सर्जनच्या डोळ्यांदेखत निळ्या पडायच्या. रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी आधीच तयार असायच्या आणि त्या अस्तरावर तुटून पडायच्या. पटेल आणि तेरासाकी यांनी १९६९ मध्ये क्रॉसमॅचचं, म्हणजे अशा अँटिबॉडी आहेत का हे आधीच पाहणाऱ्या तपासणीचं, महत्त्व सिद्ध केलं आणि ही भीषण घटना जवळजवळ नाहीशी झाली. तुमच्या फाइलमधला तो क्रॉसमॅचचा कागद म्हणजे कितीतरी गेलेल्या किडन्यांमधून मिळालेलं शहाणपण आहे.

"पण सख्ख्याची असेल तर टिकेल ना?" असं विचारतात. तेव्हा मला बॉस्टनचे हेरिक बंधू आठवतात. २३ डिसेंबर १९५४ रोजी सर्जन जोसेफ मरे यांनी रोनाल्डची किडनी त्याचा एकसारखा जुळा भाऊ रिचर्ड याला बसवली. किडनीचं जगातलं हे पहिलं यशस्वी प्रत्यारोपण. जुळेच असल्यामुळे रिजेक्शनचा, म्हणजे शरीरानं किडनी परकी म्हणून नाकारण्याचा, प्रश्नच नव्हता. तरीही रिचर्ड आठच वर्षं जगला, कारण त्याचा मूळ आजार नव्या किडनीतही आला. मधुमेह, रक्तदाब, मूळचा किडनीविकार हे सगळं त्या शरीरातच असतं, आणि नवी किडनी त्याच शरीरात राहायला येते.

आपल्याकडे पहिला प्रयत्न १९६५ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाला, यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरला. त्या काळात मृत दात्याच्या जवळजवळ निम्म्या किडन्या पहिल्या वर्षातच जात. नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे रिजेक्शन रोखणारं औषध मिळालं, ब्रिटिश सर्जन रॉय काल्न यांनी ते १९७८ मध्ये रुग्णांना दिलं, आणि चित्र पालटलं. पुढे जपानमधल्या मातीतून टॅक्रोलिमस हे तसंच औषध आलं. आज पहिलं वर्ष पार करणाऱ्या किडन्या शेकडा नव्वदच्या वर आहेत. पण याच गोळ्या किडनीतल्या गुच्छांकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या आकसून टाकतात, आणि वर्षानुवर्षं घेतल्यावर त्या धमन्यांच्या भिंतीत चकचकीत गुलाबी गाठी साठतात. मला त्या स्लाइडवर दिसतात. ज्या औषधानं किडनी वाचवली त्याच्याच खुणा असतात त्या. म्हणूनच डॉक्टर रक्तातली पातळी मोजत राहतात. जास्त झाली तर धमन्या बिघडतात, कमी झाली तर रिजेक्शन.

आणि कमी होण्याचंच मला जास्त भय वाटतं. पाच-सहा वर्षं छान जातात, रुग्ण कामावर जायला लागतो, मग एखादा महिना गोळ्या परवडत नाहीत किंवा गावी गेल्यावर संपतात. काहीही दुखत नाही. पण शरीर दात्याविरुद्ध नव्या अँटिबॉडी बनवायला लागतं. त्या हळूहळू काम करतात. केशवाहिन्यांवर सीफोरडी (C4d) नावाच्या प्रथिनाची रेघ, म्हणजे अँटिबॉडीच्या हल्ल्याची खूण, दिसू लागते, मग गुच्छांच्या भिंती दुहेरी होतात, धमन्यांची आतली बाजू जाड होत जाते. हृदयविकारात चरबीची गाठ एका बाजूला, एखाद्या ठिकाणी असते. इथे धमनी चहूबाजूंनी, लांबच्या लांब अरुंद होते, त्यामुळे फुगा घालून उघडावी अशी एक जागाच नसते. क्रिएटिनिन वाढतं ते यानंतर खूप उशिरा. आतलं अस्तर असं जाड होण्याचाच आजार डायलिसिसवाल्यांच्या हातातल्या फिस्टुलाला, म्हणजे सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या वाटेला, होतो आणि तो बंद पडतो. किडनीविकार म्हणजे रक्तवाहिन्यांचा आजार असं मी म्हणते ते यासाठी. चालू किडनी घेऊन दगावणाऱ्या रुग्णांतही हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार हे एक मोठं कारण आहे.

माझं स्पष्ट मत आहे की गेली कित्येक वर्षं संशोधनाचा भर पहिल्या वर्षावर राहिला आणि दहाव्या वर्षाकडे दुर्लक्ष झालं. औषध कंपन्यांना निकाल लवकर हवा असतो, आणि अस्तराची जखम सावकाश वाढते. आता मात्र खरी हालचाल आहे. मार्च २०२४ मध्ये बॉस्टनला जनुकांत ६९ बदल केलेल्या डुकराची किडनी जिवंत माणसाला बसवली. त्यातले काही बदल डुकराच्या पेशींवरच्या ज्या साखरेच्या रेणूंवर आपल्या अँटिबॉडी धावून जातात ते रेणू काढण्यासाठी होते. म्हणजे तिथेही लढाई वाहिन्यांच्या अस्तरावरचीच.

मला जास्त आशा वाटते ती त्याच वर्षी आलेल्या एका छोट्या चाचणीची. अँटिबॉडीमुळे जुनं रिजेक्शन झालेल्या २२ रुग्णांवर फेल्झार्टामॅब हे औषध तपासलं गेलं. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना मारण्याच्या हेतूनं तयार झालेलं हे औषध. ज्यांना ते मिळालं त्यांच्यातल्या बहुतेकांच्या पुढच्या बायोप्सीत रिजेक्शनच्या खुणा राहिल्या नव्हत्या. औषध थांबवल्यावर काहींमध्ये त्या परतल्या, हेही खरं. पण ज्या जखमेवर आजवर खात्रीचं औषध नव्हतं, ती निदान थांबवता येते असं स्लाइडवर दिसलं. त्यामुळे भावाच्या डॉक्टरांनी पुन्हा बायोप्सी सांगितली तर घाबरून नको म्हणू नका. क्रिएटिनिनचा आकडा जखम झाली एवढंच सांगतो, ती नलिकेत आहे की वाहिनीत, ताजी आहे की जुनी, हे त्या दीड सेंटिमीटरच्या धाग्यातच कळतं. आणि तुम्ही दिलेल्या किडनीवर पुढचा उपाय कोणता करायचा, ते त्यावरूनच ठरतं.