सावल्या किती उजळायच्या?

‘हायलाइट आणि शॅडोचे स्लायडर तुम्ही नेमके कितीवर ठेवता?’ फोटो एडिटिंग शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून हा प्रश्न येतो. हायलाइट म्हणजे फोटोतले उजळ भाग, शॅडो म्हणजे गडद भाग, आणि स्लायडर म्हणजे ते कमीजास्त करायची सरकपट्टी. विचारणाऱ्याला आकडा हवा असतो. पण एका फोटोचा आकडा दुसऱ्याला क्वचितच लागू पडतो. खरा प्रश्न ‘किती’चा नाहीच, तो ‘कुठे आणि कुठवर’ याचा आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा, खिडकीशी बसलेल्या माणसाचा फोटो आहे. एका गालावर उजेड, दुसरा गाल अंधारात, खिडकीबाहेरचं आकाश पांढरंफटक. अशा वेळी बहुतेकजण शॅडो टोकापर्यंत वर नेतात आणि हायलाइट टोकापर्यंत खाली. चेहरा दिसायला लागतो हे खरं. पण त्याच्याबरोबर काळे केस, गडद शर्ट, खोलीचा मागचा कोपरा, सगळंच राखाडी होऊन वर येतं, आणि आकाश मळकट दिसतं. उजेड खिडकीतून येतोय हे बघणाऱ्याला न सांगता कळत असतं. कोपराही खिडकीइतकाच उजळ झाला की फोटो खोटा वाटायला लागतो, मग कारण सांगता येवो न येवो.

मी अख्ख्या फोटोवर हे दोन स्लायडर अगदी थोडे हलवते. मग फक्त अंधारातल्या गालावर मास्क टाकते, म्हणजे बदल तेवढ्याच भागाला लागू होईल अशी निवड करते, कडा भरपूर मऊ ठेवते आणि एक्स्पोजर अर्धा स्टॉप, फार तर पाऊण स्टॉप वाढवते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). मास्कमध्ये केस आणि कॉलर आलेले असतातच. ते ल्युमिनन्स रेंज लावून वगळते, म्हणजे ठरावीक उजळपणाच्या पट्ट्यातले पिक्सेल तेवढेच मास्कमध्ये उरतात. केसांचा काळेपणा हलू द्यायचा नाही, कारण फोटोत खरा काळा कुठेतरी शिल्लक असला तरच उजळलेला गाल उजळ वाटतो. आणि सावलीतला गाल उजेडातल्या गालापेक्षा गडदच राहिला पाहिजे. यावर मी कधीच तडजोड करत नाही.

फोटोशॉपमध्ये ‘शॅडोज/हायलाइट्स’ ही आज्ञा 2003 पासून आहे. लोक तिथला अमाउंट, म्हणजे किती उजळायचं तो स्लायडर, तेवढा ओढतात आणि खालच्या दोन गोष्टींकडे बघतही नाहीत. टोन ठरवतो की किती गडद भागाला सावली म्हणायचं. तो फार ताणला तर खिडकीच्या चौकटीसारख्या ठळक कडेला उजळ झालर उमटते. रेडियस ठरवतो की एखादा पिक्सेल सावलीत आहे की नाही, हे आजूबाजूचा किती भाग बघून ओळखायचं. तो फार मोठा ठेवला तर विषयाऐवजी सगळा फोटोच उजळतो, फार लहान ठेवला तर चेहऱ्याचा उठाव जातो. सुरुवात साधारण विषयाच्या आकारापासून करावी, मग डोळ्यांनी ठरवावं.

डार्करूममध्येही हेच चालायचं. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हची मोठी प्रतिमा कागदावर पाडणारं यंत्र, त्याच्याखाली तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा धरून कागदाच्या एका भागावरचा प्रकाश अडवायचा, म्हणजे तो भाग उजळ राहायचा, कारण त्या कागदावर जास्त प्रकाश पडला की तो काळा होतो. तुकडा सतत हलता ठेवायचा, नाहीतर त्याची कड प्रिंटवर उठायची. आपण मास्कला फेदर देतो, म्हणजे कडा मऊ करतो, ते त्याचसाठी. फोटोशॉपच्या डॉज टूलचं (उजळ करणाऱ्या) चिन्ह आजही तोच तुकडा आहे आणि बर्नचं (गडद करणाऱ्या) चिन्ह म्हणजे प्रकाश गाळणारा हात.

आता मर्यादा. कॅमेऱ्याचा सेन्सर प्रकाश सरळ रेषेत मोजतो, म्हणजे प्रकाश दुप्पट तर आकडाही दुप्पट. 14 बिटच्या रॉ फाइलमधल्या (सेन्सरच्या कच्च्या नोंदीतल्या) उजळपणाच्या 16,384 पायऱ्यांपैकी निम्म्या, म्हणजे 8,192, एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला मिळतात, त्याखालच्याला 4,096, आणि असंच निम्मं निम्मं होत पाचव्या स्टॉपला 512 उरतात. शिवाय तिथे मुळात प्रकाशच कमी पोचलेला असतो, म्हणून सावली वर ओढली की नॉइज, म्हणजे रवाळ ठिपके, दिसतो. जेपेगमध्ये तर प्रत्येक रंगाला एकूण पायऱ्याच 256. उलट उजळ भागात तिन्ही रंग पूर्ण फुटले, म्हणजे कमाल पातळीला जाऊन तपशील गमावून बसले, असतील तर स्लायडर पांढऱ्याचा फक्त राखाडी करतो, ढग परत आणत नाही. त्यामुळे फोटो काढतानाच हिस्टोग्रामची, म्हणजे उजळपणाच्या आलेखाची, उजवी (उजळ भागांची) कड सांभाळा. नॉइज थोडाफार सोसता येतो, फुटलेलं आकाश नाही.

सॉफ्टवेअर कोणतं याची फार चिंता करू नका. डार्कटेबलमधलं टोन इक्वलायझर किंवा गिंपमधलं शॅडोज-हायलाइट्सही उत्तम काम करतं, आणि दोन्ही फुकट आहेत.

शेवटी मी फोटो नखाएवढा लहान करून बघते. पहिली नजर माणसावर जायला हवी. ती उजळलेल्या ठिगळावर गेली तर नवा मास्क करत बसत नाही, आहे त्याचीच ताकद निम्म्यावर आणते. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.