भोक पाडण्याआधी विचारायचा प्रश्न

साइटवर सेफ्टीचं काम करताना मला सगळ्यात जड जाणारा विषय म्हणजे ॲस्बेस्टॉस, जुन्या बांधकामाच्या मालात मिसळलेलं बारीक तंतूंचं खनिज. उंचावरून पडण्याबद्दल बोललं की माणूस आपोआप खाली बघतो. उघड्या वायरबद्दल बोललं की हात मागे घेतो. ॲस्बेस्टॉसचं नाव काढलं की नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहतो. बरोबरच आहे त्याचं. मी ज्या आजाराबद्दल सांगतोय तो व्हायला २० ते ५० वर्षं लागतात, आणि काम तर आज संध्याकाळी उरकायचंय.

म्हणून कवटीची पोस्टरं लावणं मी सोडून दिलं. ‘मरायचं तर सगळ्यांनाच आहे’ असं म्हणून लोक ग्राइंडर सुरू करतात. आता मी ग्राइंडरपासूनच बोलायला लागतो.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस साधारण १० ते १५ टक्के असतं, बाकी सगळं सिमेंट. पत्रा धड आहे तोवर तंतू त्यात घट्ट बांधलेले राहतात. चकती टेकली की सुटतात. वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. समोर उडते ती पांढरी धूळ बहुतेक सिमेंटचीच. ती खाली बसली की आपल्याला वाटतं, झालं. पण माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असेल तर हे तंतू ३ मायक्रॉनहूनही बारीक. धूळ बसल्यावरही ते तासन् तास हवेत तरंगतात. श्वासाबरोबर आत गेले की फुप्फुसातल्या साफसफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळायला जातात, पण लांब तंतू त्यांना पुरा गिळता येत नाही. तिथे वर्षानुवर्षं दाह चालू राहतो. पुढे ॲस्बेस्टॉसिस (फुप्फुसावर व्रण पडून ते कडक होणं), फुप्फुसाचा कॅन्सर, किंवा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर.

एवढं ऐकून कुणीतरी सुतार हमखास म्हणतो, “साहेब, मी दरवाजे बसवतो. माझा काय संबंध?”

संबंध त्याचाच जास्त आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस गिरणीत काम करणारी नेली केरशॉ १९२४ मध्ये वारली, तेव्हापासून ॲस्बेस्टॉसिस वैद्यकीय कागदांवर आहे. तिथे १९३१ मध्ये धुळीचे नियमही झाले, पण ते मुख्यतः कारखान्यांपुरते. तयार माल बांधकामावर गेल्यावर तो कापणाऱ्या माणसाचं काय, हे त्यात नव्हतं. १९६४ मध्ये अमेरिकेत डॉ. आयर्विंग सेलिकॉफ यांनी इमारतींत इन्सुलेशन बसवणाऱ्या कामगारांचा अभ्यास मांडला आणि मग बांधकामावरच्या लोकांकडे लक्ष गेलं. १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या मेसोथेलिओमाच्या मृत्यूंची छाननी झाली, त्यात सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन हेच मोठ्या संख्येने निघाले. गिरणीतल्या माणसाला निदान आपण कशात हात घालतोय ते ठाऊक होतं. सुतार फक्त एक भोक पाडत होता.

म्हणून माझा सगळा भर एकाच प्रश्नावर असतो: हे कशाचं आहे? जुनी इमारत असेल तर पाइपावरचं लॅगिंग (उष्णता रोखणारं वेष्टन), पाइपांच्या जोडातलं (फ्लँजमधलं) गॅस्केट, फ्यूज बोर्डामागची पाटी, विनाइल टाइल आणि तिच्याखालचा काळा गोंद, छताचा खरखरीत लेप, पाण्याची टाकी, यांपैकी कशातही ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यातलं लॅगिंग आणि फवारलेला लेप सर्वांत वाईट. बोटाने दाबलं तरी भुगा होतो. डोळ्यांनी ओळखता येत नाही, बिनॲस्बेस्टॉसचा पत्राही हुबेहूब तसाच दिसतो. नमुना प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपखाली जाऊन येईपर्यंत ते ॲस्बेस्टॉसच आहे असं धरायचं, आणि तोवर हात लावायचा नाही.

मालकांचं यावर ठरलेलं उत्तर असतं: मास्क वाटा. मला याची चीड येते. रुमाल आणि साधा मास्क तर इथे निव्वळ समाधानासाठी. पी-१०० फिल्टरचा, म्हणजे बारीक धूळ जवळपास सगळी अडवणारा मास्कसुद्धा दाढीवर नीट बसत नाही, फटीतून हवा आत येते. मास्क शेवटचा. आधी कापणंच टाळायचं. पत्रा काढायचाच असेल तर तो भिजवून, बोल्ट सोडून, अख्खा उतरवायचा. वरून फेकायचा नाही. झाडू मारायचा नाही. साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको, तो मागून तंतू परत हवेत सोडतो. अतिबारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचाच हवा. आणि कंप्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे झटकणारा कुणी दिसला तर मी सरळ काम थांबवतो.

कपड्यांवरून आठवलं. लंडनमध्ये १९६५ मध्ये मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा एक अभ्यास झाला. त्यात अशाही बायका होत्या ज्यांनी ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या नवऱ्याचे कामाचे कपडे धूत होत्या. हे सांगितलं की सगळे गप्प होतात. स्वतःच्या छातीची काळजी न करणारा माणूस इथे दचकतो. आमच्याकडचे एक वयस्क वायरमन काका तेव्हा म्हणाले, “मग कपडे इथंच सोडून जातो. पण बदलायचे कुठं?” त्यांचं म्हणणं रास्त होतं. बदलायला खोली, अंघोळीला पाणी, कपडे धुण्याची सोय हे कंत्राटदारानेच करायला हवं. ते नसेल तर माझं व्याख्यान म्हणजे नुसती वाफ.

ज्यांनी आधीच वीस-पंचवीस वर्षं हे पत्रे कापलेत ते नंतर एकटे गाठून विचारतात, आता काय? आत गेलेले तंतू काढता येत नाहीत, हे मी लपवत नाही. पण प्रत्येकाला आजार होतोच असंही नाही. किती धूळ, किती वर्षं, यावर बरंच अवलंबून असतं. विडी-सिगारेट मात्र आजच सोडा, कारण ॲस्बेस्टॉस आणि धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता वाढत नाही, कैक पटींनी चढतो. आणि दम लागायला लागला तर डॉक्टरांना ‘बांधकामावर आहे’ एवढंच सांगू नका. कोणत्या वर्षांत, काय कापलं, काय खरवडलं, ते कागदावर लिहून घेऊन जा. डॉक्टर विचारतीलच असं नाही.