उसाची कांडी आणि आंब्याची कोय

आमच्या आजोबांनी एका वर्षी धारवाडी हापूस खाऊन झाल्यावर त्यातली एक गुबगुबीत कोय निवडून वस्तीच्या मागं पुरली, निपाणीपासनं जरा आत आमचं रान आहे तिथं. सात-आठ वर्षांनी झाड धरलं आणि फळ असं आलं की तोंडात घातल्यावर एक डोळा आपोआप मिटायचा, वर दातात अडकणाऱ्या शिरा. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, काळ्या रानाला हापूस मानवत न्हाई.

रानाचा काय दोष नव्हता हो. परवा भाचा आलता, फर्स्ट पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावीला आहे, म्हणाला मामा ते मिऑसिसमधलं (परागकण नि बीजांडं होताना पेशी फुटून गुणसूत्रं निम्मी होतात ते) क्रॉसिंग ओव्हर काय डोक्यात शिरंना. मग मी एक पांढरा ऊस घेतला, एक काळा. म्हटलं ही गुणसूत्रांची, म्हणजे पेशीतल्या गुण वाहून नेणाऱ्या दोऱ्यांची एक जोडी समज, पांढरा आईकडनं आलेला, काळा बाबांकडनं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि बरोबर तिसऱ्या पेरावर कोयत्यानं तोडून शेंडे बदलले. आता लांबी तेवढीच, पेरंही तेवढीच, पण कुठलाच ऊस पुरता आईचा नाही की पुरता बाबांचा नाही. (खरं तर प्रत्येक गुणसूत्राची आधीच कॉपी निघालेली असते, म्हणजे जोडीत चार दोऱ्या, आणि एका ठिकाणची अदलाबदल त्यातल्या दोघींतच होते, पण चार ऊस कुठनं आणू, तवर आईचं एक पेर यानं खाऊन टाकलंतं.) हे तुकडे खरंच बदलतात हे १९३१ साली हॅरिएट क्रायटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक या दोघींनी मक्यावर दाखवलं.

पुढं या जोड्या फुटतात तेव्हा कुठल्या जोडीतलं कोण कुठल्या बाजूला जाणार ह्याला काय नियम नाही, प्रत्येक जोडीचा वेगळा टॉस. आंब्यात ४० गुणसूत्रं, म्हणजे २० जोड्या, म्हणजे नुसत्या टॉसनंच १०,४८,५७६ प्रकारची बीजांडं होऊ शकतात, तुकड्यांची अदलाबदल तर धरलीच नाही. तसलाच पत्ते पिसलेला परागकण समोरनं येणार, आणि तो बांधावरच्या कुठल्या रायवळाचा माशीनं आणला कुणाला ठाऊक! यातनं परत तोच हापूस निघाला असता तर नवल. म्हणून तर हापूसची कलमं बांधतात.

ऊस मात्र आपण कांडीनं लावतो, त्यामुळं ८६०३२ जातीचा ऊस लावला की ८६०३२च उगवतो, सगळं रान एकाच उसाच्या कॉप्या. सोयीचं आहे, पण रोगालाही सोयीचं, उत्तर प्रदेशात को ०२३८ या जातीची लाल कुजीनं कशी वाट लावली बघा. नवीन जात पायजे तर मिऑसिसशिवाय गत्यंतर नाही आणि ते होतं तुऱ्यात, म्हणजे उसाच्या फुलोऱ्यात. आपण तुरा दिसला की वजन घटलं म्हणून कपाळाला हात लावतो, कोइमतूरच्या ऊस संस्थेत १९१२ पासनं त्या तुऱ्यासाठीच धडपड चाललेली असते, संकर करून बी धरायचं, रोपं करायची आणि त्यातली बहुतेक टाकून द्यायची.

भाचा म्हणाला मग त्या आंबट झाडावर हापूसची काडी बांधूया की. मी आईला विचारलं. ती म्हणाली, हात लावू नकोस, लोणच्याला तसला आंबा बाजारात गावत न्हाई.