सरपणाची गस्त

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाऊन आलो म्हटलं की लोक हमखास विचारतात, गोळी चालवायची वेळ आली होती का? मलकालमधला माझा सगळ्यात अवघड दिवस उगवला तो सरपणापायी.

डिसेंबर २०१५. दक्षिण सुदानच्या अप्पर नाईल भागात, पांढऱ्या नाईलच्या काठी मलकाल शहर आहे. त्याआधी दोन वर्षं, १५ डिसेंबर २०१३ च्या रात्री, राजधानी जुबात राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनी पदावरून दूर केलेले उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्या बाजूचे सैनिक एकमेकांवर उठले. सत्तेची भांडाभांडी बघता बघता कीर यांची डिंका जमात विरुद्ध माचार यांची नुएर जमात अशी झाली. घरात शिरून माणसं मारली जाऊ लागली तसे लोक मिळेल त्या वाटेने संयुक्त राष्ट्रांच्या तळांकडे पळाले. मिशनच्या तेव्हाच्या प्रमुख हिल्डे जॉन्सन यांनी फाटकं उघडायला लावली. चार दिवसांची सोय म्हणून आत घेतलेली माणसं दोन वर्षांनीही तिथेच होती. देशभरच्या अशा छावण्यांत मिळून दोन लाखांच्या आसपास. आमच्या मलकालच्या छावणीत चाळीस हजारांहून जास्त. शिलुक, नुएर आणि डिंका, तिन्ही जमाती एकाच कुंपणात. त्यात ऑक्टोबरमध्ये कीर यांनी हुकूम काढून दहा राज्यांची अठ्ठावीस केली आणि आपली जमीन दुसऱ्याच्या पदरात घातली गेली, या भावनेने शिलुक पेटून उठले होते.

जागतिक अन्न कार्यक्रमाकडून ज्वारी यायची, डाळ आणि तेल यायचं. पण ती ज्वारी शिजवायची कशावर? छावणीत झाड म्हणून शिल्लक नव्हतं. बाहेर पुरुष गेला तर मारला जाणार, बाई गेली तर काय होऊ शकतं हे सगळ्यांना माहीत. तरी बायकाच जायच्या. असं का, म्हणून मी एका म्हातारीला विचारलं होतं. दुभाष्याने तिचं उत्तर सांगितलं : "पुरुष गेला तर त्याचं प्रेत उचलून आणायलाही आम्हालाच जावं लागतं." हे सांगताना तिचे हात ज्वारी पाखडतच होते.

म्हणून सरपणाची गस्त. ठरलेल्या दिवशी सकाळी बायका फाटकापाशी जमायच्या, प्रत्येकीकडे कुऱ्हाड आणि दोर. पुढे एक चिलखती गाडी, मागे एक, मधे पायी चालणारे जवान. सोबत निःशस्त्र लष्करी संपर्क अधिकारी. त्याचं काम एकच, आजूबाजूच्या सशस्त्र गटांच्या कमांडरांशी बोलत राहणं. आमच्याकडे नवीन आलेल्यांना हे काम बिनकामाचं वाटायचं. मलाही त्याची खरी किंमत त्या दिवशीच कळली.

अडचण अशी, की जवळची झाडं आधीच तुटली होती. दर महिन्याला लाकूड आणखी लांब जायचं आणि आमचा पहारा मात्र तेवढ्याच माणसांचा. त्या दिवशी बायका झुडपांत इतक्या पांगल्या, की माझ्या हवालदाराने सेटवर सांगितलं, "साहेब, उजवीकडच्या टोकाच्या बायका नजरेआड झाल्यात." शिट्टी फुंकून आम्ही सगळ्यांना मागे बोलवायला लागलो, तेवढ्यात ओरडा झाला.

पाच-सहा जण. काहींच्या अंगावर गणवेश, काहींच्या नुसताच शर्ट. रायफली मात्र सगळ्यांकडे. ते कोणत्या बाजूचे होते हे मी मुद्दाम लिहीत नाही. एकाने एका तरुण बाईचं मनगट धरलं होतं. त्याचं म्हणणं, हिचा नवरा शत्रूकडून लढतो, हिला आम्ही चौकशीला नेणार. ती काहीच बोलत नव्हती. दुसऱ्या हातातला दोर तिने सोडला नव्हता, एवढं मला स्पष्ट दिसलं.

नियम माझ्या बाजूने होते. सुरक्षा परिषदेने मे २०१४ मध्ये मिशनचा आदेश बदलून नागरिकांचं संरक्षण हे पहिलं काम ठरवलं होतं, आणि त्यासाठी आवश्यक ती सर्व साधनं वापरायची मुभा दिली होती. पण शंभरावर बायका झुडपांत विखुरलेल्या, आणि गोळी काही माणूस ओळखून लागत नाही. मी मागची गाडी पुढे घेतली आणि त्या टोळक्याच्या व उरलेल्या बायकांच्या मधे आडवी उभी केली. तोफ होती तशीच ठेवायला सांगितली. ती वळवली असती, तर पुढच्या क्षणी वापरायची तयारी ठेवावी लागली असती. मग मी आणि दुभाष्या पायी पुढे गेलो. दुभाष्या स्वतः शिलुक होता, आणि समोरच्यांनी ते त्याच्या बोलण्यावरून केव्हाच ओळखलं होतं. आजवर पाहिलेल्या धाडसांत त्याचं नाव मी वर घालतो.

संपर्क अधिकारी सॅटेलाइट फोनवर. त्या लोकांच्या वरच्या माणसाचा नंबर त्याच्याकडे होता, कारण कित्येक आठवडे तो त्या माणसाकडे नुसता चहा प्यायला जात होता. फोन लागत नव्हता, लागला तर पलीकडचा साहेब झोपलेला. मी वही काढली आणि एकेकाला नाव, तुकडी, कमांडर विचारत सुटलो. उत्तर कुणी दिलं नाही, पण मी लिहितोय हे बघून दोघे जण मागे सरकले. बाकीच्या बायकांना गाडीमागून छावणीकडे चालायला सांगितलं, तर एकही हलली नाही. ती आल्याशिवाय जाणार नाही म्हणाल्या. मी चिडलो. लष्करी हिशेबाने त्या सरळ चुकत होत्या. तरी त्या गेल्या असत्या तर समोरच्यांना आमची अडचण उरली नसती, हेही खरं.

शेवटी फोन लागला. मनगट धरणाऱ्याच्या कानाला तो लावला. पलीकडून काय बोलणं झालं देव जाणे. त्याने हात सोडला आणि आमच्याकडे सिगारेट मागितली. ती बाई चालत आली, आपली मोळी शोधली, बांधली, डोक्यावर घेतली. मोळी टाकून चल, असं दुभाष्या म्हणाला तेव्हा तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो गप्पच बसला.

संध्याकाळच्या अहवालात या सगळ्याची एक ओळ झाली : गस्त अडवली गेली, जीवितहानी नाही. त्यानंतर आम्ही जागा बदलली, बायकांच्या प्रमुखांशी बसून हद्द ठरवली आणि त्यापलीकडे जायचं नाही असं कबूल करून घेतलं. जाळायला लाकूड त्यामुळे कमीच पडू लागलं, तो भाग वेगळा.

नववर्षाच्या सुमारास मी परतलो. १७ आणि १८ फेब्रुवारी २०१६ ला याच छावणीत मारामारी पेटली, बाहेरून सशस्त्र माणसं कुंपणातून आत आली, झोपड्या जाळल्या गेल्या. किमान तीस माणसं गेली. बळ केव्हा वापरायचं याबद्दल संभ्रम होता, काही ठिकाणी लेखी परवानगीची वाट पाहिली गेली, असं संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत निघालं. मी तिथे नव्हतो, कुणाकडे बोट दाखवायचा मला हक्क नाही. पण लेखी परवानगी सुरक्षा परिषदेच्या ठरावात आधीच होती, एवढं मी जाणाऱ्या प्रत्येक तरुण अधिकाऱ्याला सांगतो. आणि त्याच दमात सांगतो, की पोहोचल्या दिवसापासून चहा प्यायला जायला लागा.

कीर आणि माचार यांच्यातला शांतता करार २०१५ ला झाला आणि मोडला, २०१८ ला पुन्हा झाला, फेब्रुवारी २०२० मध्ये दोघे एकाच सरकारात बसले. हळूहळू जुबा, बोर, वाऊ, बेंटियू इथल्या छावण्या संयुक्त राष्ट्रांनी सरकारच्या ताब्यात दिल्या. मलकालची मात्र त्यांच्यानंतरही संयुक्त राष्ट्रांच्याच पहाऱ्यात ठेवावी लागली.